डाव्या हाताची नखं

रूबेन सरांचा मेसेज आला:
डाव्या हाताची नखं अगदी बुडापासून काढा,
उजव्याची राहू द्या. हात नसलेली खुर्ची लागेल.
शेवटी एक हसरा चेहरा. सर तेवीस वर्षांचे.

नखं काढायला बसले शनिवारी रात्री,
जुना पेपर पसरून, ट्यूबलाइटखाली.
हे म्हणाले, शनिवारी? आणि रात्री?
म्हटलं, क्लास रविवारी सकाळी आठला आहे,
शनीला सांगा, वेळ मी ठरवलेली नाही.
एकच हात आटपून उठले
तर अर्धा बटाटा सोलून ठेवावा
तसे बघत राहिले माझ्या दुसऱ्या हाताकडे.

गिटार जुनी. गंगापूर रोडच्या होस्टेलवरच्या
शेवटचा पेपर देऊन गावी निघालेल्या पोराकडून घेतली.
बावीसशे म्हणत होता, अठराशेला दिली.
भोकातून बॅटरी मारून आत पाहिलं,
लाकडावर मार्करनं लिहिलेलं: एम-थ्री सुटला.
खाली तारीख.
ते मी पुसणार नाही.

हात नसलेली खुर्ची आमच्याकडे नाही.
प्लास्टिकच्या चार, चारींना हात,
सोफ्यात बसलं की गिटार हनुवटीला लागते.
शेवटी गव्हाच्या कोठीवर बसून पाहिलं.
पाय पोचले, कोपर मोकळं.
दळणाचा दिवस असेल तेव्हा काय करायचं
ते नंतर बघू.

बोटांचं सांगायचं राहिलं.
एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये ताव तपासले.
उलटायचा, बघायचा, उलटायचा.
किती रुपये बोटांखालून गेले, त्यातला एक माझा नव्हता,
जाताना बोटांवरच्या रेषा मात्र घेऊन गेले.
बँकेत हयातीच्या दाखल्याला मशीन अंगठा ओळखत नाही.
पुसा, म्हणते ती मुलगी, परत ठेवा, जरा दाबून.
चौथ्या वेळेला मी जिवंत निघते.
हे सरांना फोनवर सांगितलं.
काकू, म्हणाले, महिनाभर टोकं दुखतील,
सोलतील, मग घट्टे पडतील.
ऐकून बरं वाटलं.
घट्टा तर घट्टा, काहीतरी उमटेल.

ट्यूनर फोनमध्ये टाकून दिला आशा गायधनीच्या नातवानं.
तार छेडली की काटा हलतो, अक्षर येतं,
लाल म्हणजे अजून पिळा, हिरवं म्हणजे पुरे.
ई, ए, डी, जी, बी, ई.
एका वर्गात दोन सुनंदा असाव्यात तशी ई दोनदा,
एक जाडी, एक किडकिडी.
किडकिडीला पिळताना मी डोळे मिटून घेतले,
मान लांब नेली.
तुटली नाही.

पण ते यंत्र बंद करायचं राहिलं
आणि त्याला तर सगळंच ऐकू येतं.
कुकरची शिट्टी: बी, जराशी चढी.
ह्यांची जांभई जीपासून निघते
आणि कुठेच पोचत नाही.
जेल रोडवरून बस गेली, काटा भांबावला.
स्टेशनात शिरणाऱ्या गाडीनं
दोन अक्षरं दाखवली, दोन्ही खरी.
मी कोठीवर तशीच,
मांडीवर गिटार, हातात फोन,
घरातल्या आवाजांची हजेरी घेत.

मग प्रेसचा भोंगा झाला, रात्रपाळीचा.
ह्या आवाजाला मी धावलेय
पोळी अर्धी टाकून, ओल्या केसांनी,
एकदा अंगात एकशेदोन ताप असताना,
आणि त्याचं नाव मला आज कळलं: ए.
काटा लालच राहिला, हिरव्याच्या थोडा अलीकडे.
उतरलाय बिचारा.
इतक्या वर्षांत कुणी पिळलाच नसेल.

कव्हरची चेन शेवटची चार बोटं लागत नाही,
पायजम्याची नाडी बांधलीय.
शालिमारपर्यंत शेअर रिक्षात
दोन सीटचे पैसे पडणार,
ते सुटे काढून ठेवलेत, कोऱ्या नोटा.
सवयीनं उजेडात धरून पाहिल्या.